मुक्ताबाईची तिजोरी

मुक्ताबाई मला कधीच आवडली नाही. तीस वर्षं तिने हडपसरच्या मंडईत भाजी विकली आणि तीस वर्षं मी तिच्याशी भांडलो. कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त मागितल्या तर म्हणायची, "शेठ, तुमच्या दुकानात कपाटावर कपाट फुकट देता का?" माझं दुकान तिजोऱ्यांचं. मी कुणाला काही फुकट देत नाही, पण हे चारचौघांत ऐकून घ्यायला मला आवडत नाही.

नंतर मुक्ताबाईच्या घरची जमीन बिल्डरने घेतली. टॉवर उभे राहिले, मुक्ताबाईचा बंगला झाला, मंडईतली तिची जागा दुसऱ्या कुणी घेतली. तिचा मुलगा रविराज पूर्वी माझ्यासमोर चप्पल काढून उभा राहायचा. आता तो भलीमोठी गाडी माझ्या दारात आडवी लावतो आणि काचही खाली करत नाही.

गेल्या महिन्यात मायलेक दोघं दुकानात आले. शेजारच्या गल्लीत चोरी झाली होती म्हणे. घरात सोनं होतं ते मुक्ताबाईचं. पाटल्या, तोडे, बोरमाळ, सगळं भाजीच्या पैशातून एकेक करून घेतलेलं. नवऱ्याने तिला मंगळसूत्राखेरीज गुंजभरही घातलं नव्हतं, आणि हे तो जिवंत असतानाही ती मंडईत मोठ्याने सांगायची.

"बोटाचा ठसा लागतो ती दाखवा. लेटेस्ट," रविराज म्हणाला.

"मला किल्लीची दाखवा," मुक्ताबाई म्हणाली.

"आये, किल्ली हरवती. बोट हरवतं का?"

हे वाक्य त्याने घरी पाठ केलं असावं. मी ठशाची तिजोरी उघडली. रविराजचा ठसा एका दमात लागला. मुक्ताबाईने अंगठा ठेवला. तांबडा दिवा लागला. दुसऱ्यांदा ठेवला, पुन्हा तांबडा. मी फडकं दिलं. तिने बोटं पुसली आणि दहाच्या दहा बोटं एकेक करून लावली. जन्मभर खुरपं धरलेली, जुड्या बांधून घासलेली बोटं ती. रेघा राहिल्यात कुठे?

"राहू दे आये. माझा लागतोय ना. तुला कधी काय पायजे ते मी काढून देत जाईन."

"या तिजोरीला अडीअडचणीची एक चावीही येते," मी म्हणालो.

"ती माझ्याकडं द्या," रविराज लगेच म्हणाला.

मुक्ताबाई त्याच्याकडे वळली. मग तिने सावकाश विचारलं, "रव्या, जमिनीच्या कागदाला रजिस्टर हाफिसात माझा अंगठा लागला हुता का रं?"

तो मोबाइल बघू लागला.

"न्हवता लागला. साबणानं हात धुऊन आणलंस तू माझं. तीन डाव. तरी लागला न्हाई. तुला ठावं हुतं."

त्या दिवशी त्या कचेरीत काय झालं होतं, हे अख्ख्या हडपसरला माहीत आहे. मुक्ताबाईची मुलगी पूर्णिमा हिने जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. आमच्याकडे हे इतकं रुळलंय की वकील तो कागद आधीच टाइप करून ठेवतात. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात आणि एक साडी घेऊन घरी जातात. पूर्णिमा आधी तयार नव्हती. तिला तयार केलं ते मुक्ताबाईनेच. जमीन भावाला दे, माझं सगळं सोनं तुझं, असा शब्द देऊन. ती आता लोणी काळभोरला दोन खोल्यांत राहते.

"सोनं घरातच राहनार ना?" रविराजचा आवाज चढला. "ताईला काय कमी केलंय आपन? दर दिवाळीला साडी असती."

मला या माणसाचा संताप आला. मी म्हटलं, "अहो, साड्या ठेवायला कपाट दाखवू का? तेही आहे आपल्याकडे."

"तुम्ही तिजोरी विका, शेठ. आमच्या घरात बोलू नका."

"मग आपण घरचं भांडण दुकानात आणू नका."

मुक्ताबाई आम्हा दोघांकडे न बघता मागच्या रांगेत गेली. तिथे एक जुन्या पद्धतीची, छोटी, दोन किल्ल्यांची तिजोरी होती. तिने दार उघडून बघितलं, हाताने वजन अजमावलं, किल्ली चार वेळा फिरवली. मग तिने दोन्ही किल्ल्या कमरेच्या पिशवीत टाकल्या.

"एक मला दे," रविराज म्हणाला.

"न्हाई."

"आये, लोकांसमोर तमाशा करू नको."

"ही भिंतीत बसवाया मानूस कधी येईल, शेठ?"

"उद्या दुपारी. बंगल्याचा पत्ता आहे माझ्याकडे."

"बंगला न्हाई. लिवा, लोणी काळभोर. पूर्णिमाचं घर."

रविराजने फोन खिशात घातला. "तिकडं? तिजोरी तिकडं कशापायी?"

"तिला सही कराया म्या लावली. शब्द म्या दिला. आज सोनं घिऊन जाते, आन् मी बी तितंच ऱ्हाते. तू तुझ्या बोटानं तुझा बंगला उघड." तिने पदर खोचला. "घरापतूर सोडतोस, का रिक्षा करू?"

रविराज दाराकडे वळला. गाडीत बसला आणि गाडी सुरू केली. आईला तिथेच सोडून निघून गेला.

मुक्ताबाई उन्हात उभी होती. दुकान काढल्यापासून मी कुठल्याही गिऱ्हाइकासाठी पायरी उतरलेलो नाही. तिच्यासाठी रस्त्यापर्यंत गेलो आणि रिक्षाला हात केला.