डावा कान

त्याचा बाप पहिल्यांदा आमच्या फाटकावर आला तेव्हा त्याच्या हातात मोटरसायकलची चेन होती. घुग्घुसच्या कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर तो लोडिंगच्या कामाला. पाळी संपवून सरळ दारूच्या अड्ड्यावर, आणि तिथून सरळ आमच्याकडे. "माहा पोट्टा कुठी लपवला बे? काढा बाहेर, आज जित्ता नाई सोडत त्याले!" पोट्टा तेरा वर्षांचा. आठ दिवसांपूर्वी आमच्या बोर्डिंगात पळून आला होता, आणि त्याच्या पाठीवर त्याच चेनचे वळ होते. मी बापाला समजवायला म्हणून बाहेर गेलो. खरंच समजवायला. त्यानं चेन फिरवली, मी ती धरली, तळवा फाटला, आणि माझं डोकं सटकलं. धुळीत लोळवून मी त्याच्या छातीवर बसलो आणि त्याचे दोन दात पाडले. सिमेंटच्या ट्रकवाले गाड्या थांबवून तमाशा बघत होते. बोर्डिंगच्या फादरांनी मागून कवळा घालून ओढलं, तेव्हा कुठं मी थांबलो.

वर्कशॉपच्या पायरीवर पोट्टा उभा होता. हसत होता.

हाताला पट्टी बांधताना फादर म्हणाले, "ब्रदर, त्या माणसाचं मी नंतर बघतो. पण पोरगा तुमच्याकडे कसा बघत होता, पाहिलंत का? खूश झाला होता. मला तेच आवडलं नाही." फादर वसईकडचे, शांत, शुद्ध बोलायचे. मला त्या शुद्ध बोलण्याचाच राग यायचा. म्हटलं, पोराला चेननं फोडू द्यायचं होतं काय?

मी ब्रदर. फादर वेगळे, ब्रदर वेगळा. फादर चर्चात मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी करतात, मी वेल्डिंग शिकवतो. बाकी जन्म दोघांचा सारखाच: लग्न नाही, घर नाही, आणि जी पोरं कुणालाच नको असतात त्यांच्यात आयुष्य काढायचं. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. वॅगनवरचा कोळसा चोरताना लाठ्या खाल्लेली घुग्घुसची पोरं आमच्याकडे होती, आणि गडचिरोलीच्या जंगलातली, ज्यांच्या गावात आज एका बाजूच्या बंदुका यायच्या, उद्या दुसऱ्या बाजूच्या. मार त्यांना जन्मापासून पाठ. मलाही. माझा बाप चिमूरकडे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. गावभर त्याच्या गोड हाताचं कौतुक, आणि घरी आला की आम्हा भावांना पट्ट्यानं सोलायचा. राग माझ्या नाकावर असतो तो तिथूनच आलेला. फुकटात मिळाला, अजून संपला नाही.

आमच्याकडे एक कायदा अगदी पक्का होता: पोरावर हात टाकायचा नाही. टाकला की बिऱ्हाड उचला. पोरांसाठीही एक होता: भांडणात लोखंड उचललं की घरी. आमचं व्रत आधी वर्षावर्षाचं असतं, सहाव्या वर्षी कायमचं. त्याआधी सोबतच्या लोकांचं मत घेतात, ही रीत सगळीकडेच आहे. आमचे फादर मात्र पोरांनाही विचारायचे. सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बसवून सरळ प्रश्न: याला ठेवायचं का? माझं पाचवं वर्ष सरत आलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस वेल्डिंगच्या काळ्या चष्म्यावरून हा पोट्टा आणि दुसरा एक जण जुंपले. त्या दुसऱ्यानं याची माय काढली. यानं टेबलावरची कानस उचलली आणि त्याच्या खांद्यात खुपसली. रक्त बघितलं आणि मी धावत जाऊन याच्या कानशिलात ठेवून दिली. साधी थप्पड नव्हती ती. लोखंड ठोकणारा हात आहे माझा. पोट्टा पत्र्याच्या ढिगावर जाऊन पडला. उठला तेव्हा रडत नव्हता. डोळे फाडून नुसता बघत होता, जसा घरी बापाकडे बघत असेल तसा.

मग मी घाबरलो. त्याच्यासाठी नाही हो, स्वतःसाठी. त्याची कॉलर धरली आणि हळू आवाजात सांगितलं, "हे इथीच राहू दे. तुह्या कानसीचं मी नाई सांगत, माह्या थापडीचं तू नाई सांगायचं. बोलशील त घरी जाशील." ज्याच्या खांद्यात कानस गेली होती त्यालाही दम दिला. फादरांना सांगितलं, पत्रा लागला. फादरांनी टिंक्चर दिलं आणि मी सुटलो.

नऊ महिने तो पोट्टा माझ्या डोळ्यांत सलत होता. हाक मारली तर वळायचा नाही. काम सांगितलं तर तिसऱ्यांदा ऐकायचा. मी म्हणायचो, बघा कसा माजला, आपलं गुपित हातात आलं म्हणून. त्याला उन्हात उभा केला, खेळ बंद केला, पोरांसमोर नाही नाही ते बोललो. त्याच्या उशीला वास येतो अशी तक्रार आली तेव्हा ती उशी त्याच्याचकडून तीनदा धुवून घेतली. हात मात्र टाकला नाही, आणि त्याचा मला केवढा अभिमान!

जुलैत आम्ही एका शेतकऱ्याचं लोखंडी फाटक बनवलं. चारपाच जणांनी ते भिंतीला टेकवून उभं केलं होतं. खालचा दगड निसटला आणि फाटक सरकायला लागलं. बाकीचे उड्या मारून पळाले. हा फाटकाकडं पाठ करून, उजवीकडं जनरेटर धडधडत होता तिथं, ग्राइंडरची वायर गुंडाळत बसला होता. मी ओरडलो. जीव तोडून ओरडलो. त्यानं मान वर केली नाही. फाटक त्याच्या पिंडरीवर आलं. आम्ही ते उचललं, पाय सोडवला, हाड शाबूत होतं, आणि जीव भांड्यात पडताच माझ्या तोंडातून निघालं, "बहिरा झाला काय बे?"

"हो," तो म्हणाला.

मी त्याचा पाय खाली ठेवला.

"डाव्या कानानं. दिवाळीपासून."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमीच त म्हटलं होतं ना जी. बोलशील त घरी जाशील."

चंद्रपूरच्या डॉक्टरनं कानात बत्ती घातली आणि तोंड वाकडं केलं. पडद्याला मोठं भोक, आत पू, हाडापर्यंत गेलेला. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. तो उशीचा वास म्हणजे हाच. डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं? पोट्टा चटकन बोलला, "पडलो." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. थू माझ्या जिंदगानीवर! तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

परतीच्या एसटीत तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे. म्हणाला, "फादरले सांगू नोका. तुमी गेले त वर्कशॉप बंद होईन. मले घरी जा लागन. दोन दात तुमी पाडले बापाचे, बदला थो माह्यावरच काढीन." चौदा वर्षांचा पोरगा माझी नोकरी वाचवत होता, स्वतःची कातडी वाचावी म्हणून. मी हो म्हटलं.

तीन आठवड्यांनी फादरांनी पोरांना वर्कशॉपमध्ये बसवलं. "ब्रदरांचं कायमचं व्रत आहे. कुणाची काही तक्रार?" पोट्टे चिडीचूप. फादरांनी पुन्हा विचारलं. सगळ्यांनाच माहीत होतं, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. तो पायाखालची जमीन बघत होता. मी मनात म्हटलं, आणखी दोन मिनिटं गप्प बस, झालं, जन्माचं काम झालं. आणि तेवढ्यात मला राग आला, आणि या वेळी तो बरोबर माणसावर आला.

मी उठलो. थप्पड सांगितली, दम दिला तो सांगितला, उशी सांगितली, डॉक्टरसमोरचं कॅलेंडर सांगितलं.

"खोटं आहे फादर! पडलो मी!" तो किंचाळला. मी थांबत नाही बघून त्यानं पायाशी पडलेला मोठा नट उचलून मला फेकून मारला. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत गेलं. "मले घरी पाठवून राह्यले तुमी! मारून टाकीन थो मले!"

फादर त्याच्याजवळ गेले, उजव्या बाजूनं, आणि सांगितलं, "तू इथंच राहणार. काहीही बोललास तरी. तुझ्या बापाला मी बघतो." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला कोर्टात नेणार नाही, कारण त्यानं पोराचा कान परत येणार नाही. बिऱ्हाडही आज उचलू नका, वर्कशॉप बंद पडलं तर पोरांचंच नुकसान. पण कायमचं व्रत यंदा नाही. वरिष्ठांना मी सगळं लिहीन. वर्षावर्षाच्या व्रताची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त वाढत नाही. दर वर्षी मी फक्त यालाच विचारणार."

तेव्हापासून त्याच्या कानात औषध घालायचं काम माझं. रोज सकाळी. हात कानाजवळ नेला की त्याची मान आखडायची. रोज. मी हळू घालायचो, तरी आखडायची.

वर्ष झालं. फादरांनी विचारलं, ठेवायचं का? तो म्हणाला, "खरं बोललो त घरी नाई पाठवणार ना?" नाही. "मंग नाई."

मला वाटलं होतं तो हो म्हणेल. कपाळावर खूण होती, वर्षभर त्याची सेवा केली होती. त्या दिवशी शेडमागे जाऊन मी भिंतीवर मुठी आपटल्या, सोलून निघेपर्यंत. दुसऱ्या वर्षीही तो म्हणाला, नाई.

तिसऱ्या वर्षापर्यंत तो कोळशाच्या खाणीतल्या एका ठेकेदाराकडे वेल्डर झाला होता. बाप वर्षभरापूर्वी सायडिंगवरच मेला होता. पोट्टा पाळीवरून मोटरसायकलवर आला, तोंडावर कोळसा तसाच. फादरांनी विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "मले काऊन विचारता जी? मी कुठी राह्यतो आता इथी? यायले विचारा." आणि बाकड्यांवर बसलेल्या नव्या पोरांकडे बोट केलं.

फादरांनी पोरांना विचारलं. पोरं गप्प. ती शांतता मी ओळखत होतो. मी म्हटलं, "माह्यासमोर नोका विचारू," आणि बाहेर पडलो.

फाटकावर उभा राहिलो, जिथं त्याच्या बापाला लोळवलं होतं तिथंच. कोळशाचे ट्रक जात होते. थोड्या वेळानं तो येऊन शेजारी उभा राहिला, माझ्या डाव्या बाजूला, चांगला कान माझ्याकडे करून. मी फाटकाची कडी काढत होतो, लावत होतो, ते त्यानं बघितलं.

"भेव वाटून राह्यलं काय?"

"हो."

"मलेबी वाटे," तो म्हणाला, आणि माझ्यासोबत थांबला.