नववा बाण

दस्तगीर गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला. आदल्या दिवशी दुपारी चार ते पाच, भेटीच्या वेळेत, मी सांगलीच्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो. त्या तासाभरात मी त्याच्याशी एकदाच खोटं बोललो. आता दीड महिना झाला. त्याच्याविषयी लिहायला बसलो की बाकी सगळं मागे राहतं आणि तेवढंच पुढे येतं...

पाचवीपासून आम्ही एका वर्गात. पुढे तो पलूसला सुतारकाम करू लागला आणि मी जमीनमोजणीच्या नोकरीत लागलो. मी त्याच्या शेडमध्ये शिरलो की हातातला रंधा न थांबवता तो भाभींना ओरडून सांगायचा, "फूटपट्टी आली, च्या टाक." माझ्या लग्नातसुद्धा मी आधी मांडव मोजला आणि मग अक्षता घेतल्या, असं तो चारचौघांत सांगे. ते अगदीच खोटं नव्हतं.

मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याने हाडाच्या बाणाचं चित्र पाहिलं आणि त्याला तसे बाण करायचा नाद लागला. मटणाच्या दुकानातून तो बोकडाच्या नळ्या आणायचा. हाड फार उकळलं तर ठिसूळ होतं, हे त्याला पहिल्या अकरा नळ्या वाया गेल्यावर कळलं. मग गारगोटीच्या धारेने हाडावर उभी खाच पाडायची, दगडाने ठोकून ते उभं चिरायचं आणि काळ्या फरशीवर ओली वाळू टाकून तासन्‌तास घासायचं. त्या घासण्याचा वास दाढ कोरताना येतो तसा. अडीच इंचाचं एक टोक व्हायला सहा-सात तास लागत. ते वेताच्या काडीत बसवून वर ओली तात, म्हणजे आतड्याची दोरी, गुंडाळायची, ती वाळली की घट्ट आवळते. शेडमध्ये शंभर हत्यारं टांगलेली, पण या कामात लोखंड वापरायचं नाही, हा त्याचा नियम. फक्त अगदी शेवटी तो गिरमिटाने बुडाशी दोन मिलिमीटरचं भोक पाडायचा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "उद्या आपण नसताना कुणाला घावला तर? त्यो फसाय नको रं. ह्ये भोक बघितलं की कळंल, आजकालचं हाय."

पाच वर्षांपूर्वी त्याला वाटलं, हाड मातीत वर्षभर राहिलं तर कसं दिसतं ते पाहावं. येरळा नदीच्या काठी, एका बाभळीपासून चौदा फुटांवर, आम्ही नऊ टोकं पुरली. त्यांना भोक नव्हतं. भोकातून पाणी शिरून हाड तडकेल आणि प्रयोग बिघडेल, असं मीच म्हणालो होतो. तो कुरकुरला, पण मी वहीत नोंद ठेवतोय म्हटल्यावर गप्प बसला. मधे नदीला पाणी येऊन गेलं. वर्षाने उकरलं तर आठच मिळाली. मी वहीत लिहिलं : पुरले नऊ, निघाले आठ.

नववं आम्हाला दिसलं ते तीन वर्षांपूर्वी, जवळच्या गावातल्या शाळेत. दस्तगीर तिथे बाकं दुरुस्त करत होता आणि मी सहज गेलो होतो. मुख्याध्यापकांनी मोठ्या हौसेने काचेची पेटी दाखवली. आत कापसावर ते टोक आणि खाली सुंदर अक्षरात चिठ्ठी : नदीकाठी सापडलेला प्राचीन बाण. दस्तगीरच्या उजव्या अंगठ्याला जुनी इजा होती, म्हणून तो डाव्या हाताने घासायचा आणि त्याच्या रेघा उलट्या तिरक्या पडत; पेटीतल्या टोकावर त्याच रेघा होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो तोंड उघडणार तोच मी त्याचा हात दाबला.

बाहेर आल्यावर म्हणालो, सर वर्षभरात निवृत्त होतील, तोवर थांबू, चारचौघांत त्यांचा पाणउतारा नको. सर निवृत्त झाले. मग म्हणालो, मीच त्यांच्या घरी जाऊन नीट सांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो विचारायचा, मी पुढची वेळ सांगायचो. खरं तर भोक नको हे माझं म्हणणं होतं, आणि तेच मला कुणापुढे कबूल करायचं नव्हतं.

दवाखान्यात त्याने मला खाली वाकायला सांगितलं. "सरास्नी सांगितलंस का?"

"सांगितलं."

"काय म्हणलं?"

"बाण परत देतो म्हणाले."

त्याने डोळे मिटले. चेहरा सैल पडला. मला वाटलं, बरं केलं.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाला गेलो तेव्हा जेवणं झाल्यावर भाभी मला शेडमध्ये घेऊन गेल्या. फळीवर स्वच्छ फडकं, त्यावर गिरमिट, दोन मिलिमीटरचं पातं चढवलेलं. "दवाखान्यातनं फोन करून मला लावून ठेवाय सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "बाण येणार हाय म्हणं तुमच्याकडनं. आला का, भावजी?"

मी नाही म्हणालो. मग का नाही, तेही सांगितलं. त्या फडक्याची घडी सरळ करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी नोंद दोनदा वाचली. रागावले नाहीत. "दस्तगीर माझ्या घराची दारं करून गेला," ते म्हणाले. "वीस दिवस होता इथं. एक शब्द बोलला नाही."

"मी सांगणार होतो," मी म्हणालो.

सर माझ्यासोबत शाळेत आले, पेटी उघडून घेतली आणि चिठ्ठी स्वतः फाडली.

भोक मीच पाडलं, त्याच्याच फळीवर. भाभींनी टोक धरलं होतं. भोक मध्यावर पडलं नाही, एक मिलिमीटर डावीकडे सरकलं आहे. वहीत आठाच्या पुढे एक मिळवला. हिशोब जुळला... गिरमिट पुसून त्याच फडक्यावर ठेवलं. पातं काढायला भाभींनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.