नको म्हणजे नो

आई सहा महिन्यांसाठी नागपूरहून परदेशात आमच्याकडे, ओंगारला आली आणि पंधरा दिवसांत विमानं बंद झाली. 2020 संपता संपता तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. बायको किलकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. संसर्ग घरी येऊ नये म्हणून ती तिकडेच खोली घेऊन राहत होती. माझं औषधांच्या कारखान्यातलं काम घरून होणारं नव्हतं. म्हणून एजन्सीमार्फत, घरात राहून आईचं सगळं करेल अशी बाई ठेवली. फिलिपिन्सची, पन्नाशीची, कमी बोलणारी. आई तिला 'पोरी' म्हणायची. मी तिला कशानेच हाक मारत नव्हतो.

तिला मराठी येत नव्हतं आणि आईला इंग्रजी. मी एक यादी केली. कारखान्यात मशीनवर सूचना लावतात तशी, रोमन अक्षरांत, लॅमिनेट करून फ्रिजवर चिकटवली. पाणी, भूक, दुखतंय, बाथरूम. शेवटी 'नको', त्यापुढे 'नो', आणि खाली लाल शाईत: ती नको म्हणाली की जबरदस्ती करायची नाही. म्हाताऱ्या माणसांच्या इच्छेचा मान राखावा, असं मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. ते मिरवायला मला जागा हवी होती.

महिन्याभरात ती बाई मला दारात गाठून म्हणाली, "सर, मॉम जेवत नाहीत." मी बूट घालत होतो. म्हटलं, "यादीत लिहिलंय तसं करा." ती "ओके सर" म्हणाली.

फेब्रुवारीत आईचे ब्लाउज खांद्यावरून उतरू लागले. घरी तपासायला येणाऱ्या नर्सने वजन केलं, तर सहा किलो कमी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळी मी वरण-भात करून जायचो आणि संध्याकाळी डबे घासून पालथे घातलेले असायचे. रविवारी आई माझ्या हातून दोन वाट्या भात जेवायची. मग माझ्या आईचं अन्न जात कुठे होतं? मी बाईला स्वयंपाकघरात उभं करून विचारलं.

"उरलेलं मी खाते," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, अन्न टाकायचं नाही. मॉम नको म्हणतात. मी परत विचारते. परत नको म्हणतात."

"माझी आई उपाशी मरते आहे आणि तू तिचं ताट खातेस," मी म्हणालो. हे मी शांतपणे म्हणालो, याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता.

माझी नऊ वर्षांची मुलगी टेबलावर लॅपटॉप उघडून शाळा करत बसली होती. "बाबा, शी डझ आस्क हर, लाइक. एव्हरी डे. आजी सेज नको."

"तुला कोणी विचारलं?" मी म्हणालो.

बाईने एकच विनंती केली. एजन्सीला कळवू नका. तक्रार लागली तर दुसरं घर मिळणार नाही, आणि या लॉकडाउनमध्ये राहायलाही जागा नाही. मी तिच्यासमोरच ईमेल लिहिला. 'हेळसांड' यासाठी नेमका इंग्रजी शब्द शोधायला मला दोन मिनिटं लागली. तासाभरात ती एक सुटकेस घेऊन बसस्टॉपवर गेली. बाहेर पाऊस होता आणि माझी गाडी दारात होती.

दुसऱ्या दिवशी रजा घेऊन मी आईला भरवायला बसलो. "नको," आई म्हणाली. मी म्हटलं, "असं काय करतेस, चार घास घे." "नको रे." "माझ्यासाठी घे." तिने तोंड उघडलं आणि वाटी संपवली. चमचा माझ्या हातातच राहिला. मी विचारलं, "आई, तिच्या हातून का जेवत नव्हतीस?"

"ते पोरगी दोनदाच विचारे," आई म्हणाली. "मंग ताट उचलून घेऊन जाय. मी काय हावरी आहो, मागून खाईन? पण काहून गेली ते? हात मऊ होता तिचा."

"तिला घरी जायचं होतं," मी सांगितलं.

जन्मभर पंगतीत आग्रह करत आणि करून घेत आलेल्या मला आपल्याच आईचं 'नको' वाचता आलं नाही. मला लाज वाटली. मी जुनी यादी काढली आणि नवी लावली: किमान तीनदा विचारा. नवी बाई आली. आई जेवू लागली.

आठवड्याने एजन्सीतून फोन आला. आधीच्या बाईला एका घरी पाठवता येईल, पण तुमची तक्रार आड येते. ती कायम आहे की काही गैरसमज होता? समोर नवी यादी दिसत होती. गैरसमज होता म्हटलं, तर आईला उपाशी ठेवलं कोणी, हा प्रश्न येणार होता. तो बायकोपर्यंत जाणार होता.

"कायम आहे," मी म्हणालो.

"ग्रँड," एजन्सीची बाई म्हणाली; इकडे 'ठीक आहे'ला तेच म्हणतात. टेबलाशी मुलगी बसली होती. तिने लॅपटॉपवरून मान वर केली नाही, पण तिचं टाइप करणं थांबलं होतं.