काकूंच्या हातातलं बटण

केबल गुंडाळताना ते ती आठच्या आकड्यात गुंडाळत. घट्ट कधीच नाही. म्हणत, तिलाही मान असते.

चहाच्या कपाचा कान आधी डावीकडे वळवून ठेवत. मग चहा विसरत.

कुलूप लावलं की ओढून बघत. चार पावलं गेले की परत येऊन पुन्हा ओढत.

पडद्यावर इंग्रजीत संदेश आला की मोठ्याने वाचत आणि त्याला मराठीत उत्तर देत.

यंत्राला 'अरे' म्हणत, माणसांना 'अहो', बायकोला 'सरकार'.

वाईट बातमी ऐकली की चष्मा काढून पुसत. चष्मा स्वच्छ असला तरी.

आणि काहीही झालं, दिवे गेले, कोणी भांडायला आलं, कोणी पेढे घेऊन आलं, तरी त्यांचा पहिला शब्द एकच. "थांबा." म्हणून कारखान्यात त्यांचं नाव थांबाकाका पडलं.

कारखाना वजनकाट्यांचा. आकडा दाखवणारे काटे, दुकानात असतात तसले. काका त्यांच्या आतला प्रोग्रॅम लिहीत. मी साहित्याची पदवी घेऊन आले आणि मला काट्याच्या खोक्यात जाणारं माहितीपत्रक लिहायचं काम मिळालं. आमची ओळख भांडणातून झाली.

"'बटण नीट दाबा' असं लिहिलंय तुम्ही. नीट म्हणजे किती?"

"नीट म्हणजे... नीट."

"गिऱ्हाईक तुमच्या वर्गात नव्हतं हो. 'टक् असा आवाज येईपर्यंत दाबा' असं लिहा."

मी तसं लिहिलं. मग मी त्यांच्या टेबलापाशीच डबा खायला लागले.

त्यांचं काम मला त्यांनी एकदाच समजावलं. चिपच्या आत प्रोग्रॅम पळत असतो. कुठे ठेचकाळतो ते बाहेरून दिसत नाही. म्हणून लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर असतं, डिबगर. लॅपटॉप आणि चिप यांच्या मध्ये अंगठ्याएवढी डबी असते, तिला प्रोब म्हणतात. हे सगळं नीट जोडलं की चिपला वाटेल त्या ओळीवर थांबवता येतं. थांबली की तिच्या पोटात काय आहे ते सगळं वाचता येतं.

"माणसाचं असं करता आलं असतं तर?" मी विचारलं.

"घटस्फोट वाढले असते," काका म्हणाले.

काकूंना झटका आला त्याला तोवर बराच काळ झाला होता. उजवी बाजू गेली. वाचा गेली. आवाज असा काही उरलाच नाही, नुसता श्वास. डाव्या हाताची दोन बोटं राहिली आणि डोळे राहिले. काकांनी कारखान्याची अर्धी वेळ मागून घेतली. सकाळी एक बाई यायच्या, त्या काकूंचं सगळं करून जायच्या. दुपारनंतर काका घरी.

त्या दोन बोटांसाठी काकांनी बटण केलं. चपटं, बिस्किटाएवढं, काकूंच्या तळव्यात बसेल असं. ते दाबलं की काकांच्या कमरेला लावलेलं दुसरं यंत्र थरथरायचं. त्याला आम्ही भुंगा म्हणायचो. काकू कधी कधी उगीच दाबायच्या. काका स्वयंपाकघरातून हात पुसत यायचे.

"काय हुकूम, सरकार?"

काकू डोळे मिटून घ्यायच्या. ते त्यांचं हसू होतं.

मग एका दुपारी काकू उशीवरून घसरल्या. तोंड उशीत गेलं. काका पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. काकू बटण दाबत राहिल्या. भुंगा गप्प. काका सहज डोकावले तेव्हा काकूंचे ओठ निळे पडले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली. मी तिला ताई म्हणते. ती चिडकी नाही. ती रडली पण नाही.

"बाबा, तुम्ही घरात होतात."

"हो."

"दार उघडं होतं."

"हो गं."

"मग आईनं हाक मारायची कशी? माझ्याकडे नाही, तर निदान एखाद्या चांगल्या केंद्रात राहू दे. तिथे रात्रंदिवस माणूस असतं."

काकांनी चष्मा पुसला. "थांब. बटण दुरुस्त करतो. महिनाअखेरपर्यंत वेळ दे. बिनचूक चाललं तर ती इथेच राहील. नाही चाललं तर तू म्हणशील तसं."

ताई म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत." एवढंच ठरलं. काकू सगळं ऐकत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून मी कारखान्यातून सुटले की, आणि सुट्टी असली की दुपारीच, त्यांच्याकडे जायची. मी काकूंजवळ बसायची, काही वाचून दाखवायची. काका खोलीतच टेबलावर पसारा मांडून.

बटणाचं दुखणं असं होतं की ते पकडता येत नव्हतं. बराच वेळ कोणी दाबलं नाही की सेल वाचवायला चिप झोपायची. बोट लागलं की उठायची. पण कधी तरी उठायचीच नाही. काका धावत केबल जोडायचे, सॉफ्टवेअर उघडायचे, आणि चिप ठणठणीत. सगळे आकडे जागच्या जागी.

"डॉक्टर दिसला की ताप उतरतो, त्यातलं कार्टं आहे हे," काका म्हणाले.

त्यांनी ठरवलं की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची. तिथून आमचे हाल सुरू झाले. नवीन आवृत्तीला जुना प्रोब ओळखेना. पडद्यावर यायचं, टार्गेट, म्हणजे चिप, सापडलं नाही.

"अरे, समोर बसलंय की. तुझे डोळे फुटलेत का?"

एक अख्खी दुपार केबलीत गेली. चार केबली बदलल्या. शेवटी कळलं की हाताला लागलेली केबल मोबाइल चार्ज करायची होती. तिच्यातून वीज जाते, बोलणं जात नाही. काका केबलीकडे बघत राहिले.

"आपल्याकडे असे पाहुणे येतात," ते म्हणाले. "जेवतात. बोलत नाहीत."

मग लॅपटॉपवर त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या तीन आवृत्त्या निघाल्या. तिघी एकाच प्रोबसाठी भांडत होत्या. काकांनी तिन्ही काढल्या आणि पुन्हा एकच घातली. मग तिने सांगितलं की प्रोबच्या आतला प्रोग्रॅम जुना आहे, तो बदला. तो बदलताना पडद्यावर पुढे सरकणारी पट्टी मध्येच अडकली. प्रोबवरचा दिवा गेला. काकांनी चष्मा पुसला, खूप वेळ पुसला. मी काकूंकडे बघितलं. काकू छताकडे बघत होत्या.

प्रोब दोन दिवसांनी जिवंत झाला. कसा, ते मला सांगता येणार नाही. काकांनाही सांगता आलं नसतं.

"मी काही केलं नाही हो. पाचव्यांदा तेच केलं."

महिना अर्धा उलटला होता. सगळं जुळलं तेव्हा काका सॉफ्टवेअरच्या खिडक्या उघडून बघत बसले होते. एका खिडकीपाशी थांबले. मला बोलावलं. तिथे एका चौकटीत बरोबरची खूण होती. जोडताना चिप रीसेट करावी, म्हणजे पहिल्यापासून चालू करावी, अशी. ती खूण आपोआप असते. काकांनी ती कधी काढली नव्हती.

"म्हणजे?"

"म्हणजे इतके दिवस डॉक्टर दारातून आत यायचा, पेशंटच्या आधी एक थोबाडीत मारायचा, आणि मग म्हणायचा, शुद्धीवर आहे की."

ते हसले नाहीत. त्यांनी खूण काढली. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस.

आता बटण पुन्हा अडकेपर्यंत वाट बघायची होती. तर ते अडकेना. काकू दाबायच्या, भुंगा थरथरायचा. काका येऊन उदासपणे म्हणायचे, "चांगलं चाललंय." ताईचा फोन यायचा. बाबा, कसं चाललंय? चांगलं चाललंय. मग झालं की. नाही गं, झालं नाही. चाललंय म्हणजे झालं नाही. ताईला ते समजायचं नाही. मला समजायचं, आणि मी काही करू शकत नव्हते.

महिना संपायला थोडे दिवस उरले तेव्हा ते अडकलं. दुपारची वेळ. मी काकूंच्या पायांना तेल लावत होते. काकूंची बोटं हलली. पुन्हा हलली. काका टेबलापाशीच होते आणि भुंगा गप्प होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"काका."

"थांबा," ते म्हणाले. "कोणी हलू नका."

काकूंच्या तळव्यातून त्यांनी बटण असं उचललं, जसं झोपलेलं मूल मांडीवरून उचलावं. टेबलावर ठेवून केबल टोचली. सॉफ्टवेअरला म्हणाले, "हळू ये. धक्का देऊ नकोस." पडद्यावर ओळी आल्या. एका ओळीवर पिवळा बाण येऊन थांबला.

काका वाचत राहिले. मग खुर्चीत मागे टेकले.

"अच्छा. म्हणजे तू झोपेत अडकलाच नव्हतास."

"काय झालं?"

"उठलाय प्रोग्रॅम. उठून कोणाची तरी वाट बघत इथे उभा राहिलाय. ती व्यक्ती येत नाही, आणि हा हलत नाही."

"कोणाची वाट?"

"तेच आता शांतपणे वाचायचंय. इथेच आहे सगळं." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. काकूंची गोळी संपली होती आणि कोपऱ्यावरचा औषधवाला दुपारी दुकान बंद करतो. "गोळी घेऊन येतो. येईस्तोवर याला हात लावू नका. चालू केलंत की पळेल तो पुढे, आणि आतलं सगळं पुसलं जाईल. मग पुन्हा कधी सापडेल, देव जाणे."

दारात जाऊन ते वळले. "सरकार, सापडलं बहुतेक."

काकूंनी डोळे मिटले. बाहेर कुलूप नव्हतं, आम्ही आत होतो. तरी त्यांनी जाताना कडी ओढून बघितलेली मला ऐकू आली. दोनदा.

औषधवाल्याने फोन केला. काकांनी गोळी घेतली, म्हणाला, आणि बाकावर बसले. पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत मान कलली होती.

फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली, तर लॅपटॉपला चार्जर लावला. मग काकूंकडे वळले. त्यांना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. सांगावं लागलं नसावं.

ताई आली. पुढचं सगळं तिने केलं. घरात माणसं आली, गेली. टेबलाला कोणी हात लावू नये म्हणून मी टेबलापाशी उभी राहायची. लोकांना वाटलं, मी दर्शनाच्या रांगेत उभी आहे.

कारखान्यातला नवा इंजिनियर आला होता. त्याला मी बाजूला घेऊन पडदा दाखवला. त्याने वाचलं, मान हलवली.

"त्यांनी सगळं आपल्या पद्धतीने लिहिलंय. मला आधी ते समजून घ्यायला लागेल. तुम्ही चालू करून टाका ना. फार तर पुन्हा अडकेल, मग बघू."

"पुन्हा कधी अडकेल?"

"ते कसं सांगणार?"

"तुम्ही याल का समजून घ्यायला?"

"येतो की." त्याने माझा नंबर घेतला. तो आलेला नाही. त्याचं चुकलंही नाही. महिनाअखेर कारखान्यातून माल जायचा असतो.

ताईने एकदा विचारलं, "हे काय चालू आहे इथे?"

"चालू नाही. थांबवलंय काकांनी."

तिने पडद्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं. "आता याचा काय उपयोग गं? आई माझ्याकडेच येणार." आवाजात राग नव्हता. ती काकूंचे कपडे पिशवीत भरायला गेली.

ओळ मी खूपदा वाचली आहे. अक्षरं सगळी ओळखीची आहेत. कंसात कंस आहेत, शेवटी अर्धविराम आहे. कोणाची वाट बघायची ते त्या ओळीत लिहिलेलं असणार. मला ते दिसत नाही.

मी काकूंजवळ असते तेव्हा त्यांना बटण लागत नाही. तरी त्यांची बोटं रिकामी बघवेनात, म्हणून मी टेबल पलंगाला लावलं आणि केबलीसकट बटण त्यांच्या तळव्यात ठेवलं. त्या दाबतात. मी समोर बसलेली असताना दाबतात. भुंगा मी माझ्या कमरेला लावला आहे.

उद्या सकाळी काकूंना न्यायला गाडी येईल. लॅपटॉप मिटला तर जोडणी तुटते, एवढं मला माहीत आहे. उघडा ठेवून न्यायचा कसा, ते विचारायला माणूस नाही. बटणातला सेल किती दिवस पुरेल, तेही माहीत नाही.

औषधवाल्याने गोळीची पुडी घरी पोचवली. ती टेबलावर आहे, काकांच्या कपाजवळ. कपाचा कान डावीकडे आहे. पिवळा बाण त्याच ओळीवर आहे.