आखाजीचा पहिला झोका

“पहिला झोका मन्हा!” असं ओरडून मामा धोतर खोचायचे, निंबाला बांधलेल्या झोक्यावर धपकन बसायचे आणि पाय आखडून चार हेलकावे घ्यायचे. दोर कुरकुरला नाही की उतरायचे. “मी बसी पाह्यं. आते बसा, पोरीसहोन!”

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यावाचून सण सणासारखा वाटत नाही. नंदुरबारला आमच्या गल्लीत ते होते. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. ते स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल, मी तिथेच कारकून, साताऱ्याकडून आलेला. कापसाच्या गाठी आवळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून आखाजीचा झोका त्यांनीच बांधायचा, असा गल्लीचा कायदा होता. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणू लागलो.

आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. आमच्याकडे ती आमरसापुरती. खानदेशात मात्र ती सासरी गेलेल्या पोरींची. भाऊ मुराळी होऊन जातो, बहिणीला माहेरी आणतो, आणि मग दिवसभर बायका झोक्यावर, पुरुष पत्त्यांवर. मी पत्त्यांत हटकून हरायचो, म्हणून झोक्यापाशी रेंगाळायचो. गुजराती दुकानदाराच्या सुना यायच्या, पिंजाऱ्याच्या मुली यायच्या. मारवाड्याच्या घरची बाई पदर दातांत धरून असा उंच झोका घ्यायची की खालच्यांनी डोळे मिटावेत. बाजाराला आलेल्या भिल्लणी मोळ्या टेकवून बघत उभ्या राहिल्या की मामा त्यांनाही हाक मारायचे. कोणी नाक मुरडलं तर म्हणायचे, “दोरले काय म्हाईत, कोन कुठली शे?”

मामी कधीच गेल्या होत्या. एकच मुलगी, ती तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तिचे सासरे स्वतः तिला पोचवायला आले. भारदस्त माणूस, डोक्यावर मोठा फेटा, आणि अंगानं चांगलेच आडवे. मामांना तर काय करू नि काय नको झालं.

“आज मी नही बसाव,” ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. “आज व्याही बसतीन! व्याहीले पेलना म्हंजे झोका पक्का!”

बायका खो खो हसल्या. व्याही “नको, नको” म्हणत मागे सरले. त्यांचा दंड धरून त्यांना बसवणारा मी होतो. मागून ढकलणाराही मीच. बायकांनी तिथल्या तिथे त्यांच्या पोटावर गाणं रचलं. तिसऱ्या हेलकाव्याला फेटा सुटून धुळीत पडला. व्याह्यांनी उतरून तो उचलला, झटकला, हसलेही. पुरणपोळी जेवले आणि गेले. आम्हाला वाटलं, काय मजा आली!

पुढच्या वर्षी मामा मला म्हणाले, “बाबू, माले पोऱ्या नही. तुम्हीच तिन्हा भाऊ.” मी मुराळी होऊन गेलो. व्याह्यांनी खाटेवर बसवलं, आग्रह करकरून आमरस वाढला आणि हात धुता धुता सांगितलं, “औंदा नही जमाव. घरमा काम शे. पुढला साल.”

निघताना आतल्या दारातून तिनं हळूच विचारलं, “भाऊ, झोका बांधा का?”

“बांधलाय.”

तिनं मान हलवली आणि आत गेली.

त्यानंतरच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. एकदा मामा स्वतः गेले आणि त्यांनी आपली टोपी व्याह्यांच्या पायांवर ठेवली. व्याह्यांनी त्यांना उठवून जवळ बसवलं. “कसाले, व्याही? मी रागे थोडाच शे?” ते चिडले असते तर बरं झालं असतं, निदान समजूत तरी घालता आली असती. दर वर्षी जाताना मोटारीत मी भांडणाची तयारी करायचो, आणि तिथे पोचलो की मुकाट्यानं रस खाऊन परत यायचो. त्याची लाज मला अजून वाटते.

मी एकटा येताना दिसलो तरी मामा माझ्या मागे बघायचे. मग विचारायचे, “काय म्हने?”

“पुढल्या वर्षी.”

“बरं.”

मग ते निंबाकडे जायचे. “पहिला झोका मन्हा,” म्हणायचे, पण जवळच्यालाच ऐकू येईल इतपत. चार हेलकावे घेऊन उतरायचे आणि दुसऱ्यांच्या पोरी झोक्यावर चढवायचे. फेटा पडला त्या दिवसानंतर झोक्यापाशी त्यांनी कोणाची थट्टा केल्याचं मला आठवत नाही. माझी फार इच्छा होती की त्यांनी एकदा तरी मला शिव्या द्याव्यात. त्यांनी दिल्या नाहीत.

एका थंडीत मामा तापानं गेले. मुलीला कळवलं, पण ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. त्या वर्षी मुराळी न पाठवता ती आली. बापाला मुलगा नाही, त्याची घागर कोण भरणार, म्हणून सासऱ्यांनीच तिला मोटारीत बसवून दिलं होतं. झोक्यासाठी सहा वर्षं मागून जे मिळालं नव्हतं, ते घागरीसाठी न मागता मिळालं. तिनं घागर भरली, वर खरबूज आणि सांजोरी ठेवली, नमस्कार केला आणि निंबाखाली आली.

झोका मी बांधला होता. पोरी भोवती जमल्या होत्या, पण बसत कोणी नव्हतं. तिनं दोर दोनदा ओढून पाहिला.

“भाऊ, कोनी बसी पाह्यं का?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मंग बसा.”

कारकुनी पॅन्ट सावरत मी साऱ्या गल्लीसमोर झोक्यावर बसलो. पाय आखडायचे कसे तेही मला नीट जमेना. तिनं मागून येऊन माझ्या पाठीला हात लावला आणि ढकललं. मी खूप वेळ वाट पाहिली, पण कोणी हसलं नाही.