नाकापुरता आरसा

दिग्रसला आमच्या शेजारी तांड्यावरची एक म्हातारी राहते. ओढणीवर आरसा टाचून झाला, की आधी त्यात स्वतःचं तोंड पाहते आणि मगच दातानं दोरा तोडते. मलाही तिनंच तो टाका शिकवला. आरसा निसटेल या भीतीनं मी कडेनं इतका दोरा भरला, की काच जेमतेम नखाएवढी उरली. मी उसवायला लागले, तर तिनं कापड हिसकून घेतलं आणि आत डोकावली.

"यात तं माह्यं नाकच दिसून राह्यलं! उसवतं कायले? नाकच तं चांगलं हाये माह्यं."

होळीच्या नाचात तो तुकडा तिच्या ओढणीवर होता, ऐन कपाळावर. गल्लीतली जी बाई भेटेल तिच्यापुढे ती डोकं वाकवायची, "पाह्य, तुह्यं नाक पाह्य!"