वहिनीचं धुराडं

आमच्या कौलांवर आज पहिल्यांदा धुराडं उभं राहिलं. ओढ्याच्या वळणावरूनच ते दिसलं आणि माझी पावलं आपोआप भरभर पडू लागली.

घरात वहिनी पदर खोचून उभी होती. दादाने धुराड्याचा पाइप लाकडी वाशाला टेकवून बांधला होता, तो तिने सोडायला लावला. "वासा रोज तापला तर एक दिवस घर पेट घेईल," ती म्हणाली. दादाने पलीकडचं कौल काढलं, पाइप वाशापासून हातभर लांब नेला आणि भोवती पत्रा बसवला. सांधे तिने स्वतः मातीने लिंपले.

नवी चूल पेटवण्याआधी तिने देवापुढची उदबत्ती आणून चुलीच्या तोंडाशी धरली. एरवी घरभर भटकणारी धुराची रेघ वाकली आणि निमूट आत शिरली. "चूल धूर ओढतेय!" वहिनी म्हणाली. मग चुलीबरोबर पाइपलाही हळदीकुंकू लागलं, नव्या चुलीवर दूध उतू गेलं.

मला आई आठवली. तिचे डोळे कायम लाल असायचे. काय झालं विचारलं, की म्हणायची, "काही नाही रे, डोळ्यांत धूर गेला." त्या धुराने तिचं काय काय झाकलं, देव जाणे.

आज धूर कौलांवरून आभाळात चालला होता आणि स्वयंपाकघर लख्ख होतं. वहिनीचे डोळे भरून आले. दादा गडबडला. "धूर गेला का गं?"

"माझ्या चुलीला धूर नाही," ती म्हणाली, आणि डोळे न पुसता तशीच ताठ उभी राहिली.